पाचा उत्तरांची कहाणी, परत साठा उत्तरी

आमच्याकडे श्रावणात कहाण्या वाचायचं काम माझं. सासूबाईंची नजर अधू झाली तेव्हापासून, म्हणजे आता ११ वर्षं झाली, दर सोमवारी आणि शुक्रवारी पूजा आटोपली की मी पाटाजवळ बसून ते पिवळं पडलेलं कहाणीसंग्रहाचं पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी हातात तांदळाचे दाणे धरून ऐकायचं, हे ठरलेलं. गेल्या श्रावणात मात्र वाचता आलं नाही, कारण मला बोलायलाच बंदी होती.

झालं असं की मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते, वर्गात साठएक मुलं, वर पंखे घरघरतायत, खिडकीबाहेर रस्ता, त्यामुळे ओरडून बोलायची इतकी सवय की घरीही आवाज चढलेलाच असतो. दिवाळीनंतर घसा बसायला लागला तो बसलाच. एका डॉक्टरांनी चार महिने सर्दीची आणि ॲसिडिटीची औषधं दिली, मीही निमूटपणे घेतली, शेवटी दुसरीकडे घशात कॅमेरा घालून बघितलं तेव्हा कळलं की व्होकल कॉर्डवर पॉलिप आहे आणि तो काढावा लागेल. ऑपरेशन छोटंसं, पण नंतरचं पथ्य कडक. सात दिवस एक शब्दही नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, खाकरायचं नाही, आणि त्यापुढे महिनाभर मोजून मापून. कुजबुजण्याने आवाजाला आराम मिळतो असं मला आयुष्यभर वाटत होतं, पण तसं नसतं, कुजबुजतानाही घशावर ताण येतोच.

हे कळल्यावर माझी भाची कोथरूडहून भेटायला आली आणि एक जाडजूड पेपरबॅक हातात ठेवून म्हणाली, "मावशी, यातल्या मुलीलाही बोलायची बंदी आहे. वाच."

मी फॅन्टसी वाचणारी नव्हे. ड्रॅगन, तलवारी, नकाशे असं काहीतरी असतं एवढंच माहीत. आणि परीकथा म्हणजे सिंड्रेला, हिमगौरी आणि सात बुटके, मुलगी लहान असताना तिला झोपवायला सांगितलेल्या गोष्टी, त्यात मोठ्या माणसाने वाचण्यासारखं काय उरलं असेल असं मला मनापासून वाटायचं. भाचीने दिलेलं पुस्तक होतं ज्युलिएट मॅरिलियर यांचं ‘डॉटर ऑफ द फॉरेस्ट’. बाई मूळच्या न्यूझीलंडच्या, कादंबरी १९९९ सालची, घडते जुन्या आयर्लंडमध्ये, आणि मूळ गोष्ट, जर्मनीत लोककथा गोळा करून छापणाऱ्या ग्रिम बंधूंची, सहा हंसांची. (पुढे कथानक सांगावंच लागणार आहे, ज्यांना आधी कळलेलं आवडत नाही त्यांनी इथे थांबा आणि पुस्तक वाचून मग या.)

मूळ गोष्ट थोडक्यात अशी की सावत्र आई सहा भावांवर मंत्राचे सदरे टाकून त्यांना हंस करून टाकते, बहीण तेवढी वाचते. त्यांना परत माणसात आणायचं असेल तर तिने सहा वर्षं बोलायचं नाही, हसायचंही नाही, आणि एका रानफुलाचे सहा सदरे करायचे. कादंबरीत फुलाऐवजी काटेरी झाड आहे, त्याचे तंतू काढून, सूत कातून, विणून, शिवून सदरे करायचे. मुलीचं नाव सोर्का.

पहिल्या दिवशी ८० पानं वाचली आणि ठेवून दिलं. काहीच घडेना. भाऊ कसे आहेत, जंगल कसं आहे, कुठली मुळी कशावर उगाळून लावतात, हेच चाललेलं. घसा दुखत होता, गोळ्यांची गुंगी होती, कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं, टीव्ही नको वाटत होता, म्हणून परत उघडलं आणि मग रात्री अडीचला नवऱ्याने उठून दिवा बंद केला तोपर्यंत वाचत होते.

मला कशाने धरलं ते सांगते. त्या झाडाच्या काट्यांनी तिचे हात सुजतात. बोटं जाड होतात, कातडी फुटते, भरून येते, परत फुटते, आणि लेखिका हे एकदा सांगून पुढे जात नाही, पानामागून पान ते हात तुमच्यासमोर ठेवते. चातीवर सूत ओढताना काटे त्याच जागी परत टोचतात. ती वैद्यकी जाणणारी मुलगी, तिचे हात हीच तिची विद्या, आणि तेच हात हळूहळू ओळखू येईनासे होतात. जो कोणी तिला नव्याने भेटतो तो आधी तिच्या हातांकडे बघतो आणि मग तोंडाकडे, आणि ती काही सांगू शकत नाही म्हणून जो तो स्वतःच्या मनाने ठरवून टाकतो, कुणी म्हणतं वेडी, कुणी म्हणतं चेटकीण.

मी गळ्यात मुलीची जुनी पाटी अडकवून फिरत होते. पाटीवर लिहायला लागलं की पहिली गोष्ट ही कळते की समोरच्याला तेवढा धीर नसतो. ‘मला पा’ एवढं लिहीपर्यंत पाणी आणून देतात, मला म्हणायचं असतं ‘मला पासबुक सापडत नाहीये’. शेजारच्या काकू माझ्यासमोर बसून माझ्या नवऱ्याला विचारत होत्या, "आता बरं वाटतंय का त्यांना?" आणि बरेच लोक माझ्याशी मोठ्याने बोलायचे, जसं काही मला ऐकूही येत नाही. माझी बंदी सात दिवसांची होती, माझं घर होतं, वेळेवर पेज मिळत होती, त्या मुलीच्या हालांशी मी माझी बरोबरी करतच नाहीये. पण गप्प बसलेल्या बाईबद्दल सगळे किती पटकन ठरवून मोकळे होतात, हे त्या आठवड्यात मी एकीकडे वाचत होते आणि एकीकडे बघत होते.

मधे एक भाग आहे जिथे रानात एकटी असताना तिच्यावर अत्याचार होतो. तिथेही ती ओरडत नाही, कारण ओरडली तर भाऊ कायमचे हंस राहणार. ते पान वाचून मी पुस्तक पालथं घातलं आणि गच्चीत जाऊन उभी राहिले, बराच वेळ. पण लेखिकेने ते चवीसाठी घातलेलं नाही हे पुढे वाचताना पटतं, कारण त्यानंतर तिला साधा माणसाचा हात जवळ आला तरी काय होतं, झोपेत काय होतं, कुणावर विश्वास ठेवायला किती महिने जातात, हे सगळं ती सांगते. मूळ गोष्टीत असा प्रसंग नाही. पण रानात एकट्या राहणाऱ्या, तोंड उघडू न शकणाऱ्या पोरीची ती सहा वर्षं कशी गेली असतील, हा प्रश्न मात्र मूळ गोष्टीनेच उभा करून ठेवलाय.

मूळ गोष्ट मी पाचव्या दिवशी वाचली. भाचीनेच ग्रिमचं पुस्तक पाठवलं होतं. सात-आठ मिनिटांत संपली! सहा वर्षांचं मौन दोन-तीन वाक्यांत, सदरे एका वाक्यात, काटे नाहीतच. त्यात ती राणी होते, तिला मुलं होतात आणि सासू प्रत्येक बाळ पळवून हिच्या तोंडाला रक्त फासते, हिने पोर खाल्लं म्हणून, असं तीनदा, आणि ही गप्प. तीन बाळं गेली तरी गप्प, त्याला फक्त काही ओळी. तिला जाळायला नेतात तोच दिवस सहा वर्षं पूर्ण होण्याचा, हंस उडत येतात, ती सदरे फेकते, सगळे माणसं होतात. फक्त शेवटच्या सदऱ्याची डावी बाही राहून गेलेली असते, म्हणून धाकट्या भावाला डाव्या हाताच्या जागी हंसाचा पंख राहतो. बस्स, संपलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी वाचू शकत नव्हते म्हणून सासूबाईंनीच कहाणी सांगितली, पुस्तकाशिवाय, तोंडपाठ, आणि मी हातात तांदूळ धरून बसले. खुलभर दुधाची कहाणी. राजाने हुकूम काढला, गावातलं सगळं दूध देवाला, घरात वासरांना नाही की मुलांना नाही, तरी गाभारा भरेना, मग म्हातारी आली आणि तिच्या खुलभर दुधाने भरला. मी ही कहाणी इतकी वर्षं वाचलीय पण वाचताना कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की त्या गावात सकाळी मुलं दुधासाठी रडली असतील, त्या आयांनी काय केलं असेल. आणि शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." माझ्या अंगावर काटा आला.

कारण आपल्या लोकांनी ते सांगूनच ठेवलंय. कहाणी खरी साठ उत्तरांची आहे, आम्ही तुम्हाला पाचात आवरून देतोय. आणि भाचीने दिलेलं ते जाड पुस्तक म्हणजे एका बाईने त्या पाचातून परत साठ उलगडून काढलेली. मला पहिल्या ८० पानांत कंटाळा का आला तेही तेव्हा कळलं, मी पाच उत्तरांची वाट बघत होते.

मग मला नादच लागला. शाळा सुरू व्हायला अवकाश होता, मी साठातली पाच कशी झाली ते शोधायला बसले. हे शोधायला फार कुठे जावं लागत नाही, ग्रिमचीच दोन पुस्तकं शेजारी ठेवली की दिसतं. त्यांची पहिली आवृत्ती १८१२ आणि १८१५ मध्ये दोन भागांत आली, आणि आपण ज्या गोष्टी वाचतो त्या बहुतेक १८५७ च्या सातव्या आवृत्तीतल्या. मधल्या ४५ वर्षांत दोघा भावांतले विल्हेल्म ग्रिम त्यांवर हात फिरवत राहिले. पहिल्या आवृत्तीचा पूर्ण इंग्रजी अनुवाद जॅक झाइप्स यांनी २०१४ मध्ये आणला, तो मी वाचला. त्यात हिमगौरीला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे. सावत्र ती १८१९ मध्ये झाली. हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना रानात सोडायला लावणारीही सख्खी आईच, तिला सावत्र व्हायला १८४० उजाडलं. म्हातारीने मनोऱ्यात कोंडलेली रॅपुन्झेल पहिल्या आवृत्तीत भाबडेपणाने विचारते की माझे कपडे मला घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे तिला दिवस गेलेत, आणि तिथेच म्हातारीला सगळं कळतं. पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य गेलं. मुलांच्या हातात पुस्तक द्यायचं होतं, आईवडील तक्रार करत होते, त्यामुळे कारण समजण्यासारखं आहे. पण मला त्या सख्ख्या आया काढून टाकल्याचं फार लागलं. दुष्काळात खायला नाही म्हणून पोटची पोरं रानात सोडणारी आई ही भयंकर गोष्ट आहे, आणि ती खरी असू शकते. सावत्र केली की प्रश्नच मिटला.

झोपलेल्या राजकन्येची तऱ्हा तर विचारूच नका. इटलीत नेपल्सच्या बोलीत बाझिले नावाच्या माणसाने लिहिलेलं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ मध्ये छापलं गेलं, त्यात ही गोष्ट आहे. तिथे चुंबन नाही. अळशीची काडी नखात जाऊन तालिया बेशुद्ध पडते, एक राजा येतो, ती झोपेत असतानाच तिच्याशी नको ते करून निघून जातो आणि विसरून जातो. नऊ महिन्यांनी तिला जुळं होतं, तेही झोपेतच, आणि एक बाळ दूध शोधता शोधता तिचं बोट चोखतं, काडी निघते, ती जागी होते. राजाचं आधीच लग्न झालेलं, त्याची राणी ती पोरं शिजवून वाढायला सांगते. फ्रान्समध्ये पेरो नावाच्या लेखकाने १६९७ ला राजाचं आधीचं लग्न काढून टाकलं आणि राणीच्या जागी माणसं खाणारी सासू आणली, ती नातवंडं रोबेर नावाच्या सॉसबरोबर मागते. ग्रिमपर्यंत येता येता ते सगळं उत्तरार्धासकट गळून गेलं, राजपुत्र आला, चुंबन घेतलं, लग्न झालं. पाच उत्तरांची.

आणि या गोष्टी मुळात पोरांसाठी नव्हत्याच! पॅरिसमध्ये १६९० च्या सुमाराला मादाम दोल्नुआ वगैरे शिकलेल्या, लग्नात अडकलेल्या बायका बैठकीत एकमेकींना सांगायच्या, परीकथा हे नावच त्यांच्याकडून आलं. ‘ब्युटी अँड द बीस्ट’ आधी मादाम द विलनव यांनी १७४० मध्ये लांबलचक लिहिली, आणि १७५६ मध्ये मादाम द बोमाँ यांनी ती मुलींना शिकवण्यासाठी कापून छोटी केली. आपल्याला माहीत असलेली ती कापलेलीच. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किन यांनी परीकथांवरच्या निबंधात म्हटलंय की जुनं झालेलं, मोठ्यांना नको असलेलं फर्निचर जसं मुलांच्या खोलीत नेऊन टाकतात तशा या गोष्टी तिथे गेल्या, मुलांना त्या जास्त आवडतात म्हणून नव्हे. हे वाचल्यावर मी आमच्या मुलीच्या खोलीतलं सासूबाईंचं जुनं शिसवी कपाट किती तरी वेळ बघत बसले.

पुढचे सहा महिने मी या प्रकारची पुस्तकं ओळीने वाचली, १४ झाली. सगळी चांगली नव्हती. काहींत नुसती उलटापालट असते, चेटकीण चांगली आणि राजकन्या दुष्ट, तेवढ्यावर ४०० पानं. काहींत शापित राक्षस हा पहिल्यापासूनच पिळदार अंगाचा देखणा पुरुष असतो आणि सगळी कादंबरी तो आणि ती कधी जवळ येणार यावर ओढलेली, त्यात मोठ्यांसाठी म्हणजे फक्त शय्यागृहाचे प्रसंग, बाकी माणसं पोरकटच. ज्यांना आवडतात त्यांनी जरूर वाचावीत, माझं मन नाही रमलं. मला ते हात हवे होते.

नाओमी नोविक यांच्या ‘स्पिनिंग सिल्व्हर’मध्ये ते मिळाले. २०१८ ची कादंबरी, मूळ गोष्ट रम्पेलस्टिल्टस्किनची, गवताचं सोनं करून देणारा बुटका आणि त्याचं नाव ओळखायचं, ती. कादंबरीतली मिर्येम ही ज्यू सावकाराची मुलगी. बाप इतका भिडस्त की कर्ज देतो आणि वसूल करत नाही, घरात आजारी बायको, चूल पेटायची मारामार, आणि गावातले लोक ह्यांच्याच पैशावर मजेत. एक दिवस पोरगी उठते, वही घेते आणि दारोदार वसुलीला जाते. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. उधारीची लाल वही होती. बाबांना मागायचा संकोच, त्यामुळे महिन्याच्या सात तारखेला मला पाठवायचे, मी आठवीत होते. लोक दारातच उभं करून ठेवायचे, मागून आवाज यायचा, "आली बघा वसुली." जी बाई आमच्या तेलात फोडणी द्यायची तीच असं म्हणायची. मिर्येम थंडीत दारात उभी राहते ते प्रकरण मी तीनदा वाचलं, आणि बाबांना जाऊन १२ वर्षं झाली तरी त्या रात्री त्यांना सांगावंसं वाटलं की बाबा, हे कुणीतरी लिहिलंय.

त्यात सुरुवातीला सोनं जादूने होत नाही हे मला फार आवडलं. हिवाळ्याचा राजा तिला चांदीची नाणी देतो, आधी ६, मग ६०, मग ६००, सोनं करून दे म्हणून. ती सोनाराकडे जाऊन त्या चांदीची अंगठी करून घेते, मग हार, मग मुकुट, आणि सरदाराला विकून सोन्याची नाणी आणते. व्यापार आहे तो. आणि तिच्याकडे कामाला आलेली वांडा नावाची शेतकऱ्याची पोर, बापाचं कर्ज फेडायला आलेली, ती हिशोब शिकते तेव्हा तिला आकडे हीच जादू वाटते. मी २० वर्षं वर्गात उभी आहे, एखाद्या पोराला पहिल्यांदा वाचता यायला लागतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मला माहितीय, वांडाचा तो प्रसंग अगदी तसाच आहे. नोविक यांच्या वडिलांकडचे लोक लिथुआनियातले ज्यू. ग्रिमच्या संग्रहात ज्यू माणसाला काट्यांत नाचवून शेवटी फाशी देणारी एक गोष्ट सरळसरळ आहे, आणि ‘सोनं देतो, बदल्यात तुझं मूल दे’ म्हणणारा तो बुटका वाचतानाही बऱ्याच जणांना ज्यू सावकाराचं जुनं विद्रूप चित्र दिसतं. त्या घरातल्या नातीने ती गोष्ट उचलून सावकाराच्या मुलीच्या तोंडी दिली.

जेन योलेन यांची ‘ब्रायर रोझ’ १९९२ ची, छोटीशी, पण त्यानंतर दोन आठवडे मी दुसरं काही वाचलं नाही. एक आजी नातींना जन्मभर झोपलेल्या राजकन्येची एकच गोष्ट सांगते, जरा वेगळीच, तिच्यात धुकं येतं आणि सगळे झोपतात, पण पुढे एकच जण उठतं. आजी गेल्यावर नात शोध घेत पोलंडला जाते, खेल्म्नोला, जिथे नाझींनी माणसांना बंद गाड्यांत कोंडून इंजिनाचा धूर सोडून मारलं. ते धुकं म्हणजे काय होतं ते तेव्हा कळतं. आजीला साठ उत्तरं बोलताच येत नव्हती म्हणून ती पाचच सांगत राहिली. मला हे इथे पहिल्यांदा कळलं की गोष्ट आखडून सांगण्यामागे दर वेळी लपवाछपवी नसते, कधी कधी त्यापेक्षा जास्त सांगवतच नाही.

रॉबिन मॅकिन्ली यांची ‘डीअरस्किन’ (१९९३) मी मधेच सोडली. मूळ पेरोच्या गोष्टीत राजा स्वतःच्या मुलीशी लग्न करायला निघतो, ती गाढवाचं कातडं पांघरून वेळेवर निसटते. मॅकिन्लींची राजकन्या निसटत नाही. ते प्रकरण मला झेपलं नाही, पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं. दोन महिन्यांनी परत काढलं आणि त्या प्रकरणापुढचं वाचलं, तर बाकी सगळी कादंबरी ती कशी जगते याचीच आहे. बर्फात कुत्रीला बिलगून काढलेला हिवाळा, मग परक्या राज्यात कुत्र्यांच्या खोपटात काम, आई मेलेली आजारी पिल्लं रात्ररात्र जागून दूध पाजत वाचवणं. ज्यांना असे प्रसंग वाचवत नाहीत त्यांनी हे पुस्तक घेऊच नये असं मी स्पष्ट सांगते, पण घेतलंत तर तिथे थांबू नका.

आणि टी. किंगफिशर यांची ‘नेटल अँड बोन’, २०२३ चं ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फॅन्टसीचं मोठं पारितोषिक, मिळालेली. ही एका गोष्टीवर नाही, सगळ्या परीकथांचे धागे आहेत, पण नायिका ३० वर्षांची आहे आणि तिच्या बरोबरीने निघालेल्यांत म्हाताऱ्या बायका आहेत, त्यातल्या एकीजवळ भूत शिरलेली कोंबडी. राजपुत्र वाचवायला येत नाही, बहिणीला राजपुत्रापासून वाचवायला ह्या निघतात. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी हिच्यापासून सुरुवात करावी, सोपी आहे आणि हात धरून नेते.

आता आवाजाचं. सात दिवसांनी स्पीच थेरपिस्टकडे गेले तेव्हा बाईंनी ग्लासात पाणी आणि स्ट्रॉ दिली, स्ट्रॉमधून हुंकार देत बुडबुडे काढायचे. मग ओठ मिटून म्म्म. मग शब्द. पहिल्या दिवशी जो आवाज निघाला तो माझा नव्हताच, घोगरा आणि खालच्या पट्टीतला. बाई म्हणाल्या, रोज १५ मिनिटं बोला, हळू, न ओरडता, शक्यतो एकाच माणसाशी, आणि जे बोलायला आवडतं ते. मी सासूबाईंना सहा हंसांची कादंबरी सांगायला घेतली. दुपारी चहा झाला की त्या पलंगावर, मी खुर्चीत, घड्याळ लावून. १५ मिनिटं झाली की थांबायचं, कितीही ऐन वेळ असली तरी. त्या चिडायच्या, "अगं एवढं सांग नि मग थांब." मी पाटीवर लिहायचे, उद्या.

३४ दिवस लागले. त्या रानातल्या प्रसंगाच्या दिवशी मी चाचरले, वगळू का म्हणून, तर म्हणाल्या, "सांग. आम्हाला काय ठाऊक नाही होय?" आणि मग त्यांनी त्यांच्या माहेरच्या गावातल्या एका बाईची हकीकत सांगितली, ती मी इथे लिहिणार नाही. ग्रिमच्या गोष्टीत शेवटी सासूला जाळतात हेही सांगितलं, मला वाटलं त्यांना लागेल. म्हणाल्या, "बाळंतिणीची पोरं पळवणारी बाई ती, तिला कुठली सासू म्हणायचं."

सगळं संपल्यावर, लग्न झालं, भाऊ परत आले, त्यातल्या फिनबारचा एक हात पंखच राहिला आणि तो त्या घरात पुन्हा कधी नीटसा रमला नाही, हे सांगून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. पूर्वी त्या घरी शिवणकाम करायच्या, गल्लीतली सगळी पोलकी त्यांच्या हातची. मग एकदम म्हणाल्या, "त्याला सदरा कसला घालत असतील गं? डोक्यातून घालायचा शिवला तर पंख अडकणार."

मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

"पेन दे," म्हणाल्या, आणि वर्तमानपत्राच्या कडेला डोळे बारीक करून रेघा मारायला लागल्या. उजवीकडे नेहमीची बाही. डावीकडे खांद्यापासून कमरेपर्यंत उघडं ठेवायचं आणि बाराबंदीसारखे बंद लावायचे, म्हणजे पंख बाहेर काढून एका हाताने बांधता येतात. "सुती कापड घ्यायचं," म्हणाल्या, "पिसांना टोचणार नाही असं."